सतरा पायऱ्या: पंचवटीतल्या एका गुडघेदुखीचं प्रकरण

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर, या आजी राहतात. वय ७१. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकमध्ये घरोघरी जाऊन ज्येष्ठांवर उपचार करते. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा डिसेंबर अर्धा सरला होता आणि आजी जुलैपासून जिना उतरल्या नव्हत्या. गंगा घरापासून आठ मिनिटांवर. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आजींच्या तोंडी तर दुसरं नावच नाही.) चाळीस वर्षं दर बुधवारी घाटावरच्या बाजारातून घरची भाजी त्यांनी आणली होती. ती आता सूनबाई ऑफिसातून येताना आणत होत्या.

आजींची आणि घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फोन मुलाचा होता. "आईचे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशन सांगितलंय, पण ती ऐकत नाही. निदान दुखणं थोडं कमी होईल असं बघा." आवाजात दमलेपण होतं आणि अपराधीपणही. आईसाठी आपण काही करत नाही, असं त्यांना वाटत होतं.

एक्स-रेचं पाकीट देवघराच्या खालच्या खणात, पोथ्यांच्या शेजारी ठेवलेलं होतं. उजव्या गुडघ्याची झीज चौथ्या श्रेणीची, डाव्याची तिसऱ्या. १९५७ पासून वापरात असलेल्या केलग्रेन-लॉरेन्स मोजपट्टीत शून्य ते चार अशा श्रेणी असतात, म्हणजे उजवा गुडघा शेवटच्या पायरीवर होता. कुणीतरी आजींना तो फोटो दाखवून सांगितलं होतं, "वंगण संपलं, हाडाला हाड घासतंय." आणि सोबत चार नियम दिले होते: जिना चढायचा नाही, मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, फार चालायचं नाही.

"मी एकही मोडला नाही बघ," आजी म्हणाल्या. "देवाचं व्रत पाळावं तसं पाळलं. तरी दुखतंच."

आजी खरंच बोलत होत्या. व्रत पाळलं होतं आणि त्या व्रतानेच त्या खाटेला खिळल्या होत्या. आपल्या सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला की ती दबते, उचलला की सुटते, आणि या दबण्या-सुटण्यातूनच सांध्यातल्या द्रवातलं पोषण तिच्यापर्यंत पोचतं. पाय हललाच नाही तर ती उपाशी राहते. तिला वेदना पोचवणारे मज्जातंतूही नसतात, त्यामुळे दुखतं ते कूर्चेत नव्हे. दुखतं हाडात, सांध्याच्या अस्तरात, ताणलेल्या स्नायूंत आणि अस्थिबंधांत. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बरेचदा बसत नाही. चौथी श्रेणी घेऊन शेतात राबणाऱ्या बाया मी निफाड-दिंडोरीकडे पाहिल्या आहेत आणि दुसऱ्या श्रेणीत रात्र रात्र कण्हणारे निवृत्त साहेबही. फोटो खोटा नसतो, पण तो बाईचा दिवस सांगत नाही.

मग मी दिवस विचारला. तपासणीही केली, ती थोडक्यात सांगते. सकाळी सांधे आखडत ते दहा-पंधरा मिनिटं. तासभर आखडत असते, बोटांचे सांधेही सुजत असते, तर आमवाताचा संशय धरून आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. (आपल्याकडे झीज आणि आमवात दोन्हीला सरसकट "वात" म्हणतात, पण औषधं पूर्ण वेगळी आहेत.) गुडघा लाल, गरम नव्हता, ताप नव्हता, वजन अचानक घटलेलं नव्हतं, खुबा मोकळा हलत होता. उजव्या मांडीचा घेर डाव्यापेक्षा अडीच सेंटिमीटर कमी भरला. खुर्चीतून हात न टेकता एकदाही उठता आलं नाही. या वयाच्या बाईकडून तीस सेकंदांत दहा वेळा उठण्याची अपेक्षा असते. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला २४ सेकंद लागले. बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात.

त्या दिवशी मला खरी काळजी वाटली ती मात्र घोट्यांची. दोन्ही घोटे सुजलेले होते, बोटाने दाबलं की खळगा राहत होता. सोबतच्या यंत्रावर रक्तदाब १५८/९२ आला. आजींना बारा वर्षांपासून बीपी, गोळी रोज न चुकता.

गोळ्यांचा डबा

प्रत्येक घरात मी औषधांची चिठ्ठी नव्हे, डबा मागते. चिठ्ठीत लिहिलेलं असतं ते डॉक्टरांनी दिलेलं, डब्यात असतं ते पोटात जाणारं. आजींचा डबा बिस्किटांचा जुना पत्र्याचा होता. तो त्यांनी माझ्यासमोर चादरीवर रिकामा केला. बीपीची गोळी: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र. पित्ताची गोळी. कॅल्शियम. आणि रबरबँड लावलेला रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा, अकरा पाकिटं. नातवाने मेडिकलमध्ये दाखवून तशीच आणावीत म्हणून जपून ठेवलेली. ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची दुखण्याची गोळी ती.

डॉक्टरांची चिठ्ठीही डब्यात तळाला होती. जून महिन्यातली, पाच दिवसांची.

"दिवसाला किती घेता आजी?"

"एक सकाळी. दुपारी फारच झालं तर आणखी एक. नाहीतर उठवतच नाही."

"आणि पाणी किती पिता?"

या प्रश्नाने त्या जरा गडबडल्या. सूनबाईच म्हणाल्या, "मॅडम, आई पाणीच पीत नाहीत. तीन पेले झाले तर झाले."

कारण विचारलं तर आजींनी मान खाली घातली. संडास गॅलरीच्या टोकाला, भारतीय पद्धतीचा. बसता येतं, पण उठताना नळ धरून ओढावं लागतं. एकदा नळच हातात आला होता. "पाणी प्यायलं की जावं लागतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून मी घोटभरच पिते."

हे वाक्य ऐकून मी वही मिटली. गुडघ्यामुळे संडास अवघड, संडास अवघड म्हणून पाणी कमी. आणि पाणी कमी असलेल्या शरीरात तीन औषधं एकाच वेळी मूत्रपिंडावर चालून जात होती. टेल्मिसार्टनसारखं औषध मूत्रपिंडातल्या गाळण्यांमधला दाब उतरवतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढतं. या दोन्हींचा मूत्रपिंड एरवी सांभाळ करू शकतं, कारण आत येणारी रक्तवाहिनी ते रुंद ठेवतं. दुखण्याची गोळी नेमकी तीच रुंदी काढून घेते. शिवाय ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, म्हणून घोटे सुजतात आणि बीपीच्या गोळीचा असर कमी पडतो. आजींच्या अंगावर हे सगळं उघड दिसत होतं आणि घरातले सगळे गुडघ्याकडेच पाहत होते.

औषधं बदलणं माझ्या अखत्यारीत येत नाही. मी डब्यातल्या सगळ्या पाकिटांचे फोटो काढले आणि तिथूनच त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांना दुखण्याची गोळी चालू असल्याची कल्पनाच नव्हती, कारण आजींनी ती "औषधात" कधी मोजलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात साठणारा घटक, १.६ होतं, वाढलेलं. डॉक्टरांनी ती गोळी त्याच दिवशी बंद केली, पाण्याचं रोजचं प्रमाण ठरवून दिलं आणि गुडघ्याला लावायला डायक्लोफिनॅकचं जेल दिलं. जेल कातडीतून सांध्याजवळ पोचतं आणि रक्तात फार थोडं उतरतं. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ झालं, बीपी १३८/८४ आणि घोट्यांवर हाडाचा उंचवटा पुन्हा दिसू लागला.

पाणी वाढवायचं तर आधी संडासाचं बघायला हवं होतं. भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणली आणि भिंतीत पक्का दांडा बसवला. दोन्ही मिळून जो खर्च आला तो गोळ्या, तेलं आणि पट्ट्यांवर सहा महिन्यांत झालेल्या खर्चापेक्षा कमी होता. पहिल्या आठवड्यात सूनबाईंनी मला मेसेज पाठवला: "आई आज न सांगता दोन तांबे पाणी प्यायल्या." त्या मेसेजने मला जितका आनंद झाला तितका पुढे चालण्याच्या कुठल्याही आकड्याने झाला नाही.

माझी चूक

गोळी बंद झाली म्हणजे दुखणं उघडं पडणार, हे मला माहीत होतं. तरी मी घाई केली. पहिल्याच आठवड्यात सात व्यायाम दिले, कागदावर चित्रं काढून, प्रत्येकी पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. आजींनी तेही व्रतासारखं पाळलं. चौथ्या दिवशी गुडघा टरारून सुजला. मी गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. "तुझ्या व्यायामाने मेले असते मी," एवढंच बोलल्या. मुलगा दारातच म्हणाला, "मग ऑपरेशनच करून टाकू का?"

चूक माझी होती आणि ती मी आजींपुढे कबूल केली. पाच महिने निजलेल्या स्नायूंवर मी तिशीतल्या बाईचा भार टाकला होता. चार दिवस फक्त शेक, तिळाचं तेल आणि गादीवर पडल्या पडल्या टाच सरकवणं एवढंच ठेवलं. मग तीनच गोष्टींपासून पुन्हा सुरुवात केली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि पाच आकडे म्हणेपर्यंत धरायची. खुर्चीवर दोन घड्यांची गोधडी घालून उंच केलेल्या बैठकीवरून उठायचं-बसायचं, पाच वेळा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, चहा उकळेपर्यंत. सकाळचा आणि दुपारचा चहा चुकत नाही, म्हणून व्यायामही चुकला नाही.

किती दुखलं तर थांबायचं, हे ठरवणं त्याहून अवघड होतं. आम्ही शून्य ते दहा असा आकडा विचारतो. आजींना तो कधी जमला नाही, दर वेळी "दहाच" म्हणायच्या. एक दिवस सूनबाईंशी बोलताना त्या सहज म्हणाल्या, "काल बारा आणे होतं, आज आठ आण्यांवर आलंय." मी तिथेच दहाची पट्टी सोडून दिली. सोळा आणे म्हणजे असह्य. व्यायाम करताना सहा-सात आण्यांपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळइतकंच असलं पाहिजे. जास्त असेल तर त्या दिवशी निम्मं करायचं, बंद करायचं नाही. कॅलेंडरवर रोज सकाळी आणे लिहायचे. दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी दुखण्याचा हिशेब सुरू झाला. जानेवारीच्या थंडीत बारा, दहा, बारा, नऊ. संक्रांतीनंतर आठ, सात, आठ, सहा.

या काळात शेजारणींनी सुचवलेलं बरंच काही दारात आलं. "वंगणाचं इंजेक्शन" घ्यावं का, हे मुलाने तीनदा विचारलं. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शिकेत ते देऊ नये असं म्हटलं आहे, ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांबद्दलही तेच. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन पाहिलेल्या २०१७च्या अमेरिकी चाचणीत दुखण्यात फरक पडला नाही आणि कूर्चा मात्र जास्त झिजली. नाइसच्या त्याच मार्गदर्शिकेत पहिलं स्थान व्यायाम, वजन आणि नीट समजावून सांगणं यांना आहे. आजींचं वजन ६९ किलोवरून तीन महिन्यांत ६६ झालं. तीनच किलो, पण शरीराचं एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. म्हणजे दर पावलाला बारा किलोंचं ओझं उतरलं. खाण्यात फार काही केलं नाही. रात्रीचा भात निम्मा, दुपारच्या चहाबरोबरची खारी बंद आणि सूनबाईंच्या आग्रहाने डाळ-मूग वाढवले, कारण स्नायू हवेवर बनत नाहीत. तेलाची मालिश चालूच राहिली. तिने झीज भरत नाही, पण स्नायू सैल होतात आणि आजींना कुणीतरी हात लावतं. नवरा जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईला तेही हवं असतं.

जिना

वाड्याचा जिना लाकडी, सतरा पायऱ्यांचा, अरुंद, अंधारा आणि खडा. वरून एक जाड दोरखंड लोंबतो, तो धरून चढायचं, असा पिढ्यांचा रिवाज. दोर हातात घट्ट बसतो पण झोके खातो, त्यामुळे दुखऱ्या पायावर झोक गेला की माणूस फिरतो. आजींना जिन्याची जी भीती होती ती बरीचशी या दोराची होती. भिंतीला दांडा बसवायचा तर घरमालकाची परवानगी हवी, आणि भाडेकरू-मालकाचं बोलणं बंद. मुलाने महिनाभर त्यात घालवला. शेवटी तळमजल्यावरच्या सुतारकाकांनीच, कुणाला न विचारता, एका रविवारी सागवानी दांडा ठोकून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

काठी आधीच घरात होती, पण आजी ती उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या बाजूला धरत आणि तीही इतकी उंच की खांदा कानाला लागायचा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची आणि तिची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला यायला हवी, म्हणजे कोपर जरासा वाकतो. दोन भोकं खाली उतरवून ती डाव्या हातात दिली. घरात त्यांना काठीची लाज नव्हती, पण चौकात होती. "लोक म्हणतील म्हातारी झाली." मी काही बोलले नाही. नातू म्हणाला, "आजी, काठी नसली की तू अशी डुलतेस, तेव्हा जास्त म्हातारी दिसतेस." आजी हसल्या आणि काठी स्वीकारली गेली.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम समजावताना मी नेहमी अडखळते, कारण माणसं तो उलटा लक्षात ठेवतात. आजींनीच सोडवला. त्यांना दोन मुलगे. थोरला जबाबदार, धाकटा पुण्यात, फोन न उचलणारा. डाव्या पायाचं नाव थोरला ठेवलं, उजव्याचं धाकटा. "चढताना थोरला पुढे, उतरताना धाकटा पुढे." फेब्रुवारीत आम्ही रोज एकेक पायरी वाढवत उतरून परत वर येत होतो. सातव्या पायरीवर त्या एकदा पाच मिनिटं बसून राहिल्या. खालच्या चौकातला उजेड तिथपर्यंत येतो. "जुलैपासून हा नळ पाहिला नव्हता," त्या म्हणाल्या.

मार्चअखेर खुर्चीतून उठणं तीस सेकंदांत आठ वेळा, तीन मीटर जाऊन येणं चौदा सेकंदांत. अपेक्षित दहाला त्या पोचल्या नव्हत्या. आणे मात्र पाचावर होते.

बुधवार

एप्रिलच्या पहिल्या बुधवारी आम्ही बाजाराला गेलो. मुलगा गाडी काढतो म्हणाला, आजींनी नको म्हटलं. वाटेत बसायच्या तीन जागा आम्ही आधी हेरून ठेवल्या होत्या: एक ओटा, एक किराणा दुकान, एक देवळाची पायरी. आठ मिनिटांच्या वाटेला बावीस मिनिटं लागली. घाटावर मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईने आजींना ओळखलं आणि ओरडून विचारलं, "काय हो मावशी, गेल्ता कुठं इतके दिवस?" आजींनी मेथी उलटी करून मुळं पाहिली, भाव दोन रुपयांनी पाडला आणि जुडी स्वतः पिशवीत टाकली. पिशवी मी घेतली, कारण दुसऱ्या हातात काठी होती. पुढच्या वेळेपासून पाठीवरची पिशवी घ्यायची असं ठरलं. त्या रात्री दुखणं नऊ आण्यांवर गेलं, दुसऱ्या सकाळी सहावर आलं. चैत्र एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघाले तेव्हा त्या खाली रस्त्यावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

ऑपरेशनचा प्रश्न अजून उघडा आहे आणि तो उघडाच ठेवायचा असं मी मुलाला सांगितलं आहे. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आला. त्यावर रुग्णालयाचा खर्च वेगळा असतो. रात्री बसल्या जागी दुखून झोप उडू लागली, महिनोन्‌महिने नीट व्यायाम करूनही संडास-जिना जमेनासा झाला, तर ती करावी, आणि तेव्हा आजींच्या मांड्यांत आता आलेलं बळ कामाला येईल. पण केवळ फोटोत चौथी श्रेणी दिसते म्हणून करू नये. आजींनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

जुलैत गंगापूर धरणातून पाणी सोडलं, घाट बुडाला, बाजार उठला. तीन आठवडे आजी वरच राहिल्या, चहाच्या वेळचे व्यायाम दोनदाचे एकदा झाले आणि दिनदर्शिकेवर पुन्हा दहा-अकरा आणे दिसू लागले. नातवाने लपूनछपून मेडिकलमधून जुनी गोळी आणावी म्हणून त्यांनी एकदा सुचवलंही. त्याने आणली नाही, मला फोन केला. मी गेले तेव्हा त्या खुर्चीवर होत्या, गोधडीची एक घडी परत वाढवलेली. खिडकीतून त्या खाली सुतारकाकांना विचारत होत्या, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं. (घाटावरच्या या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, यावरून नाशिककर पूर मोजतात.)

"कमरेला लागलंय," खालून आवाज आला.

"म्हणजे पुढच्या बुधवारीही नाही," असं म्हणून त्या थोरल्या पायावर भार देत उठल्या, बसल्या आणि परत उठल्या.